एक ते अकरा तारखेची लाइन

नव्या कंपनीनं आम्हाला चारशे बत्तीस रुपये सदुसष्ट पैसे परत केले. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण आमच्या घरात ते पैसे आलेले नाहीत. बँकेत आलेत, माझ्या मोबाइलवर तसा मेसेजही आला. पण बाबांनी ते नाकारले, आणि बाबांनी नाकारलेली गोष्ट आमच्याकडे झालेली नसते. बी.सी.एस.च्या दुसऱ्या वर्षाचा माझा पहिला निकाल असाच अजून लागायचा आहे.

तर पैसे आलेले नाहीत.

सहा वर्षांपूर्वीची दहा तारीख, दुपारचे अडीच, विट्यातलं आमचं घर. पुढच्या खोलीत बाबा नव्या कंपनीचं पहिलं बिल मांडीवर घेऊन बसले होते आणि समोर टीव्हीवर एक बाई रिमोट कसा वापरावा ते सांगत होती. ती दहा दिवस तेच सांगत होती. नव्या कनेक्शनवर आमच्याकडे तेवढं एकच चॅनेल लागत होतं. मी रोज तक्रार करायचो आणि कंपनी रोज चोवीस तास मागून घ्यायची. बाबांची काही तक्रार नव्हती. "निदान ही कुणाशी भांडत नाही," असं त्यांचं मत होतं.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल ते एकतीस वर्षं त्यांनी माइकवरून सांगितलं, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांना जगात सगळीकडे फलाटच दिसायचे.

"हे बिल एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत," ते म्हणाले. "अकराशे ऐंशी रुपये. आज दहा तारीख. वीस दिवस अजून उगवायचेत आणि त्यांचे पैसे आजच?"

"नवी कंपनी आगाऊ घेते, बाबा."

"म्हणजे रिझर्व्हेशन."

"तसंच."

"आणि आपले केबलवाले नदाफ?"

"नदाफचाचा महिना वापरून झाला की दहा तारखेला मागचे घेतात. म्हणून कनेक्शन बदललं की त्या महिन्यात दोन बिलं हातात येतात. पैसे एकदम जातात, पण दिवस वेगळे."

हे मी फार छान समजावलं होतं. कागदावर दोन पट्ट्याही काढल्या होत्या. जुनी पट्टी एकतीस तारखेला संपते, नवी एक तारखेला सुरू होते, मध्ये फट नाही आणि एकीवर दुसरी चढतही नाही. घरात कॉम्प्युटर शिकलेला मी एकटाच, त्यामुळे असल्या पट्ट्या काढायचा मान माझा.

"एकही दिवस एकावर एक येत नाही ना?"

"एकही नाही."

"मग हरकत नाही. एका फलाटाला एका वेळी एकच गाडी."

एवढ्यात आई बांगड्या मागे सारत स्वयंपाकघरातून आली. "तीन वाजता मागच्या खोलीत कुणी यायचं नाही," ती म्हणाली. "आज गळा आहे."

सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. आईनं बावीस वर्षं मागच्या खोलीत ब्लाऊज शिवले. मग गुडघे गेले आणि गिऱ्हाइकं तयार कपड्यांच्या दुकानात गेली, दोन्ही एकाच वर्षी. तासगावची माझी मावसबहीण मशीन न्यायला टपून होती. तिनं आपल्या घरातला कोपरासुद्धा मोजून ठेवला होता. आई तिला म्हणाली, "एक महिना थांब. मोबाइलवरून ब्लाऊजचा क्लास घेऊन बघते. महिना न तुटता गेला तर मशीन माझं, मध्येच फिसकटलं तर तुझं." लेंगरे, भाळवणी, आळसंद अशा गावांतल्या अकरा जणींनी नावं दिली होती, एक तारखेपासून रोज तीन ते चार.

नदाफचाचांचं केबलचं नेट वारा सुटला की जायचं. कधी कधी वारा सुटणार आहे एवढं कळलं तरी जायचं. म्हणून मी नवी कंपनी आणली. टीव्ही आणि नेट एकत्र, एकच वायर, एकच बिल. कंपनीच्या पोरानं पुढच्या खोलीत नवा डबा लावला, स्वतःच्या मोबाइलवर 'काम पूर्ण' असं दाबलं आणि तो गेला. डब्यावर लाल दिवा होता. मला वाटलं, कंपनीचा रंगच लाल आहे.

आईच्या मोबाइलला हात लावायला लागू नये म्हणून नव्या डब्याला मी जुन्या डब्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. ही माझी हुशारी. नदाफचाचांचा टीव्हीचा बॉक्स मी तीस तारखेला त्यांच्या दुकानात नेऊन दिला, एक तारखेपासून लाइन बंद करा असं सांगितलं. नेटचा जुना डबा मागच्या खोलीत बॉबिनच्या फळीमागे होता. तो द्यायचा राहिला. ही माझी दुसरी हुशारी.

पण क्लास धडाक्यात सुरू झाला. दहा दिवसांत एकदाही अडकला नाही. पुढच्या खोलीत माझ्या लॅपटॉपला नेट मिळत नव्हतं, तो मी लॅपटॉपचा दोष धरला. टीव्हीवर ती बाई होती, तो मी टीव्हीचा दोष धरला. नेट चालू आहे याचा पुरावा मागच्या खोलीतून रोज ऐकू येत होता.

तीनला पाच कमी असताना बशीर नदाफ आले. अठ्ठावन्नचे असतील. खांद्यावर वायरचं वेटोळं, हातात गिऱ्हाइकांच्या कार्डांचा गठ्ठा. पूर्वी तो गठ्ठा दोन हातांत मावत नसे, आता शर्टाच्या खिशात जायचा.

"या नदाफ," बाबा म्हणाले. "मागच्या महिन्याचे तयार ठेवलेत."

चाचांनी मागचे घेतले, कार्डावर सही केली, आणि टोपी सारखी करत म्हणाले, "आणि चालू महिन्याचे दहा दिवस. नेटचेच फक्त. एकशे तीस द्या."

टीव्हीवरची बाई आवाज कमी कसा करावा ते सांगत राहिली.

"कसले दहा दिवस?" बाबा म्हणाले. "तुमची गाडी एकतीस तारखेला डेपोत गेली."

"जायची होती, कंट्रोलरसाहेब. गेली नाही. मी लाइन कापली नाही."

"का?"

"राहिलं ते."

"राहिलं? तुम्ही कापायचं विसरला, त्याचं तिकीट आम्ही फाडायचं?"

"वापर झालाय साहेब. माझ्याकडं दिसतंय."

"नवी लाइन असताना तुमची कोण वापरतंय? भुतं?"

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. "चाचा," मी म्हणालो, "जरा मागच्या खोलीकडं कान द्या. दहा दिवसांत एकदा अडकलं नाही. ह्याला म्हणतात स्पीड."

चाचांनी खरंच कान दिला. आतून आई सांगत होती, "घडीच्या बाजूनं खडू लावा, शालनताई. घडी तुमच्याकडं, उघडी बाजू माझ्याकडं. तुमच्याकडं म्हणजे मोबाइलकडं नव्हं."

"चांगलं चाललंय वहिनींचं," चाचा म्हणाले.

"मग? तुमच्यात वाऱ्यानं जायचं."

"जायचं," चाचांनी कबूल केलं.

बाबांनी बिलाची घडी करून खिशात ठेवली. स्टँडवर उशिरा आलेल्या ड्रायव्हरशी बोलायचे, त्या आवाजात म्हणाले, "हे बघा नदाफ, एकशे तीस रुपयांचा प्रश्न नाही. एक ते दहा तारीख दोन गाड्या एका फलाटाला, हे मी चालू देणार नाही. आत्ताच्या आत्ता माझ्यादेखत कापा. मग पुढचं बोलू."

"चारला कापतो."

"आत्ता का नाही?"

"चहा घेतोय नव्हं."

चहा मी केला होता. चाचांनी तो बशीत ओतला, फुंकर घालून घालून संपवला, आणि म्हणाले, "अजून आहे का?" माझ्या हातचा चहा आजवर कुणी दुसऱ्यांदा मागितलेला नाही. मला तिथंच संशय यायला हवा होता. मला वाटलं, गिऱ्हाईक सोडवत नाही म्हणून माणूस वेळ काढतोय.

"मीच कापतो," मी म्हणालो. "त्यात काय अवघड आहे."

"अरे थांब, तुला नाही कळायचं," चाचा उठायला लागले, पण बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा. पोरगं बी.सी.एस. झालंय."

तीन वीसला मी पकड घेऊन छतावर गेलो. पाण्याच्या टाकीजवळून दोन वायरी खाली उतरत होत्या, एक काळी आणि एक पांढरी. काळी नदाफांची. मी ती पकडीत धरली, आणि खरं सांगायचं तर जरा शिट्टी वाजवतच तोडली.

मग पांढरीकडं लक्ष गेलं. आमच्या भिंतीवरून वर चढून ती टाकीपर्यंत येत होती आणि टाकीला वळसा घालून संपत होती. पुढं रस्त्यावरच्या खांबाकडं वगैरे ती कुठंही जात नव्हती. तिचं उरलेलं वेटोळं साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड सुतळीनं बांधून कुणीतरी टाकीच्या नळाला लटकवलं होतं. शेंगा वाळत टाकाव्यात तसं.

मी त्या पिशवीकडं बघत उभा राहिलो. खालून, मागच्या खोलीतून, काहीच ऐकू येत नव्हतं.

मग आईचा आवाज परसातून वर आला. मोठा नव्हता. "वर कोण आहे?"

"मी."

"काय कापलंस?"

"जुनं."

"जोड."

"आई, मला..."

"अकरा बायका कापडात कात्र्या घालून बसल्यात. मी 'इथपर्यंत कापा आणि' एवढंच म्हटलं होतं. जोड."

ब्लाऊजच्या गळ्याला 'आणि' नंतर 'थांबा' असतं. ते मला माहीत होतं, कारण बावीस वर्षं मी त्याच घरात राहिलो होतो. महिना न तुटता जायला हवा, हेही माहीत होतं. माझ्या एका हातात पकड होती आणि दुसऱ्या हातात काळ्या वायरीचं एक टोक. दुसरं टोक शेजारच्या कौलांवर घसरत निघालं होतं.

ते टोक चाचांनी धरलं. ते जिना कसे चढले मी पाहिलं नाही, पण त्यांची टोपी मधल्या पायरीवर सापडली. त्यांनी वायर दातांनी सोलली, एक तुकडा माझ्या हातात दिला, "हे असं धर, हलू नको," म्हणाले आणि उकिडवे बसून खिशातून एवढंसं पितळी काहीतरी काढून पिळायला लागले. मी हललो नाही. आयुष्यात मी इतका स्थिर कधी राहिलेलो नाही.

बाबा मागून आले. हातात चाचांची बशी होती, ठेवायचं सुचलं नसावं. त्यांनी काळी वायर बघितली, पांढरी बघितली, पिशवी बघितली. पिशवीला हात लावून ती हलवून बघितली.

"ही गाडी स्टँडमध्ये आलीच नाही," ते म्हणाले.

"नाही साहेब," चाचा मान वर न करता म्हणाले. "मी एक तारखेला दुपारी कापायला आलो होतो. इथंच बसलो. खाली वहिनी बोलत होत्या, पहिलाच दिवस, आवाज कापत होता. अकरा जणींची नावं विचारून घेत होत्या. आणि समोर ही पिशवी. म्हटलं, ही जोडली जाईपर्यंत राहू दे आपलं. रोज येऊन बघत होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुम्ही म्हणाला असता, नदाफ गिऱ्हाईक सोडायला तयार नाही, नव्या कंपनीला नावं ठेवतोय. आणि हा," त्यांनी हनुवटीनं मला दाखवलं, "पट्ट्या काढून दाखवत बसला असता."

"पण तुमचं नेट," मी म्हणालो, "अडकलं कसं नाही?"

"दोन तारखेला वायर बदलली मी. जुनी उंदरानं खाल्ली होती. चार वर्षं तुम्ही तक्रार करत होता, मी वाऱ्यावर ढकलत होतो." पितळी तुकडा शेवटचा पिळून त्यांनी सोडून दिला. "बघ खाली."

खाली थोडा वेळ काही झालं नाही. मग आईचा आवाज आला, क्लासमधला, "दिसतेय का मी? हां. कुणी कुणी कापलं पुढं?"

आम्ही तिघंही टाकीपाशी वाकून ऐकत होतो. मोबाइलमधून एकेक आवाज यायला लागला. "न्हाई बाई, आमी थांबलोय." "मीबी." "माझा हात अवघडलाय बाई, पण कात्री तिथंच हाय." दहा जणी कात्र्या उघड्या धरून चार मिनिटं बसल्या होत्या. मग आळसंदच्या शालनताईंचा आवाज आला, शांत, "माझं झालं की."

"किती कापलंत?"

"संपस्तोवर."

"शालनताई, अहो..."

"तुम्ही थांबा म्हटला नाही बाई. मी म्हटलं बाई बघतायत, बरोबरच असंल."

आई हसायला लागली. मग मोबाइलमधल्या अकराही जणी हसायला लागल्या. अकरा जणींचं हसू एका मोबाइलमधून आलं की खरखर होते, पण तुटत नाही. "राहू द्या," आई म्हणाली. "पाठीला दोऱ्या लावू. आजचा गळा सगळ्या जणी तसलाच करू या, चला."

छतावर बाबांनी बशी टाकीवर ठेवली. "नदाफ," ते म्हणाले, "दहा दिवस तुम्ही जादा गाडी सोडलीत आणि पाटी लावली नाहीत."

"पाटी लावली असती तर तुम्ही बसला नसता, साहेब."

बाबांनी पाकीट काढलं आणि एकशे तीस मोजले. चाचांनी दहा परत दिले. "मधली चार मिनिटं बंद होती," ते म्हणाले. चार मिनिटांचे दहा रुपये कसे होतात ते बाबांनी विचारलं नाही. एकतीस वर्षांत हिशेबाला शंका न काढण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी.

बारा तारखेला कंपनीची दुसरी टीम आली. पिशवी सोडून वायर जोडून गेली, आणि पिशवी घेऊनही गेली. डब्यातच भरून आलेली ती रिमोटवाली बाई आमच्या टीव्हीवरून गायब झाली. बाबांना दोन दिवस जरा करमलं नाही. मी कंपनीला लिहिलं की एक ते अकरा तारखेपर्यंत सेवाच नव्हती, त्या दिवसांचे पैसे का घेतले. कंपनीनं माफी मागितली, पैसे परत टाकले आणि तक्रारीपुढं 'निराकरण झाले' असं लिहून टाकलं.

बाबांना तेच पटलं नाही. "सेवा नव्हती असं कोण म्हणतं?" ते म्हणाले. "अकरा दिवस एकही फेरी रद्द झालेली नाही. सेवा होती. फक्त ह्यांची नव्हती. हे पैसे घेतले तर अकरा दिवस फलाट रिकामा होता असं त्यांच्या दप्तरी कायमचं राहील."

तेव्हापासून पैसे आलेले नाहीत.

महिना संपला तेव्हा तासगावच्या बहिणीला आईनं फोन केला. पलीकडं काय बोलणं झालं माहीत नाही, पण पुढच्या महिन्यात क्लासला बारावं नाव तिचं होतं आणि मोजलेल्या कोपऱ्यात तिनं हप्त्यानं स्वतःचं मशीन आणून ठेवलं. शालनताईंचा दोऱ्यांचा ब्लाऊज त्यांच्या जावेला आवडला, मग जावेच्या भावजयीला. आज आईच्या सकाळच्या आणि दुपारच्या मिळून चार तुकड्या आहेत. घरात वायरी अजून दोन आहेत, दोन्ही चालू, दोन्हींची बिलं येतात, आणि दर महिन्याचे तीसच्या तीस दिवस एकावर एक चढतात. माझ्या पट्ट्यांचा कागद आईनं पेपर कटिंगला वापरला, बाहीचा आकार आलाय त्यात. चाचांच्या कार्डांचा गठ्ठा पुन्हा वाढू लागलाय, कारण क्लासच्या बायका आपापल्या गावात लाइन टाकायला त्यांनाच बोलावतात. हल्ली ते खिशाऐवजी पिशवी वापरतात.

कंपनीला मात्र आम्ही दर तीन महिन्यांनी एक अर्ज पाठवतो. बाबा सांगतात, मी टाइप करतो. उत्तर दर वेळी दोन मिनिटांत येतं की आपली तक्रार याआधीच बंद करण्यात आली आहे. बाबा म्हणतात, उत्तर दोन मिनिटांत येतं म्हणजे कुणी वाचलेलं नाही, म्हणजे अर्ज अजून विचाराधीन आहे. तेविसावा अर्ज आज सकाळी गेला. त्याचा शेवट असा:

"…तरी माननीय व्यवस्थापक साहेबांस नम्र विनंती की, उपरोक्त महिन्याच्या दिनांक १ ते ११ या कालावधीत आपल्या कंपनीची सेवा श्री. बशीर हुसेन नदाफ, राहणार विटा, यांनी आपल्या गैरहजेरीत अखंडित बजावली असल्याने, त्यांना सदर अकरा दिवसांपुरते आपले कायम कर्मचारी समजण्यात यावे, दिनांक १० रोजीची चार मिनिटे अर्जदाराच्या मुलाच्या नावे टाकण्यात यावीत, आणि अकरा दिवसांच्या सेवेवर नियमाप्रमाणे जमा होणारी किरकोळ रजा, अर्धा दिवस का होईना, श्री. नदाफ यांना भरपगारी मंजूर करण्यात यावी."